द्राक्षांचा वास

बाबा गेले तेव्हा त्यांच्या खोलीत द्राक्षांचा वास येत होता. मधुमेहामुळे पायाची जखम चिघळलेली, रोज पट्ट्या बदलायच्या, आणि तरी हा गोड वास. "पुण्यवान माणूस," आई म्हणाली. मग नागपूरच्या आमच्या घरात सगळेच तसं म्हणू लागले. मीसुद्धा.

पुढे, २००४ साली, मी ह्यूस्टनच्या एका प्रयोगशाळेत कामाला लागले. तिथे जंतू वाढवायच्या एका काचेच्या बशीचं झाकण उचललं आणि तोच वास नाकात शिरला. बशीत हिरवट साय धरली होती. शेजारी काम करणारी नायजेरियन मैत्रीण सहज म्हणाली, "स्यूडोमोनास. ग्रेप्ससारखा वास येतो ना? डायबेटिसच्या जखमांत हाच सापडतो." मी झाकण ठेवलं आणि बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले.

आमचं काम तिच्या मुलखातल्या एका कडू पाल्यावर होतं. तिच्या आईने ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड गावात घराच्या बॅकयार्डात त्याचं झुडूप वाढवलं होतं. पानं पाण्यात चोळून फेस काढला की भाजी होते, आणि जखम पिकली की तिच्यावर तेच कडू पाणी. कडूपणा सेस्क्विटर्पीन लॅक्टोन्स नावाच्या रसायनांचा, फेस सॅपोनिन्सचा, एवढं आम्ही वेगळं करून पाहिलं. मग अर्कात भिजवलेली कागदाची टिकली जंतूंच्या बशीत ठेवायची. जंतू मेले तर टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसतं. पू करणाऱ्या दुसऱ्या एका जंतूच्या बशीत ते छान दिसलं. या द्राक्षवाल्याला मात्र ढिम्म फरक पडेना.

शिवाय प्रयोगासाठी तो जिवंत हवा, म्हणून त्याला सतत ताज्या बशीत हलवायचं, खाऊपिऊ घालायचं, तेही माझ्याच गळ्यात. ज्याने बाबांना खाल्लं, त्याचे मी लाड करत होते. मला त्याला मारणारं काहीतरी हवंच होतं. मग आईला खरं सांगता आलं असतं, वास कशाचा होता ते, आणि त्याचा आम्ही कसा निकाल लावला तेही.

मी दाट अर्क केला. जास्त पाला विरघळावा म्हणून द्रावकही, म्हणजे सॉल्व्हंटही, वाढवला. दुसऱ्या दिवशी बघते तर कडं! मी ओरडून मैत्रिणीला बोलावलं. तिने बशी हळूच फिरवली. पलीकडे नुसत्या द्रावकाची टिकली होती, पाल्याचा थेंबही नसलेली. तिच्याभोवतीही तेवढंच कडं होतं.

"हे सॉल्व्हंटचं काम आहे," ती म्हणाली. "पाल्याने काही केलेलं नाही."

त्या रविवारी कॉलिंग कार्डावरून आईला फोन लावला.

"अगं, आज त्यांच्या फोटोला हार घालताना पुन्हा तसाच वास आला," ती म्हणाली. "येऊन गेले बघ."

सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. हात कितीही धुतले तरी वास जात नव्हता.

"मलाही इथे रोज येतो, आई," मी म्हटलं.

"येणारच," आई म्हणाली. "तुझ्यावर फार जीव होता त्यांचा."