माझ्या पोर्टफोलिओची मोजणी

शेलूबाजारची जमीन आजवर आपल्या जागेवर टिकून आहे, याचं श्रेय आमच्या शेजारच्या काकांना द्यावं लागेल. निदान ते स्वतः तरी तसंच समजतात. काका भूमापन खात्यात होते. पूर्ण नोकरीभर त्यांनी मंगरुळपीर आणि मानोऱ्याकडची वावरं मोजली, बांध ठरवले, हद्दीचे दगड रोवले आणि निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही म्हणून बाकीचं जग मोजायला घेतलं. त्यांच्या फाटकापासून हायवेवरच्या जीपच्या थांब्यापर्यंत सहाशे चाळीस पावलं आहेत. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण ज्याला माहीत नव्हतं त्याला काकांनी थांबवून सांगितलं आहे. रस्त्यात कोणी "काय काका, कुठं निघाले?" असं विचारलं तर ते बोलत नाहीत, नुसती तीन बोटं दाखवतात. याचा अर्थ आकडा तीनशेच्या पुढे गेला आहे आणि तो आता मध्येच सांडायचा नाही.

डावं-उजवं त्यांना मान्य नाही. "डावं-उजवं मानसाचं असते, दिशा जमिनीची असते," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे काकूंना स्वयंपाकघरात "आग्नेयेचा डबा घे, त्यात हळद हाय" असं ऐकावं लागतं, आणि चाळीस वर्षांच्या संसारानंतर काकू तो डबा न चुकता घेतातही. आसेगावच्या एका लग्नात काकांना मांडव वाकडा दिसला. नवरदेव घोड्यावर, बँडवाले दमलेले, आणि काका दोन्हीकडच्या माणसांना सुतळी धरायला लावून एक खांब हातभर सरकवतायत. मुलीचे मामा वैतागले तर त्यांना म्हणाले, "संसार पुढं वाकडा व्हायचा तो होईल, मांडव कायले वाकडा?" खांब सरकला. मंगलाष्टकं उशिरा झाली, पण काटकोनात झाली.

मी लहानपणापासून वाशिमच्या इंग्रजी शाळेत एसटीने जात होते, आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांचा असा समज होता की मला मराठी नीट कळत नाही. मी तो कधी दुरुस्त केला नाही. त्यामुळे फारसं बोलावं लागायचं नाही. काकांना मात्र माझ्या गप्प राहण्याची अडचण नव्हती. मोजणीच्या कामात साखळी धरणारं माणूस गप्प असलेलंच चांगलं, असं ते म्हणायचे.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय काका पुढे सरकणार नाहीत. मी लेव्हल डिझायनर आहे. व्हिडिओ गेममध्ये खेळणारा ज्या जागांतून चालतो त्या जागा मी रचते: भिंत कुठे, दार कुठे, कुठे तो थबकेल, कुठे त्याला वाट सापडेल. पुण्याचा स्टुडिओ बंद पडला आणि मी घरी आले. आठ महिन्यांत किती ठिकाणी अर्ज केले ते सांगवत नाही. उत्तर एकाचंही नाही, नकारसुद्धा नाही. मंगरुळपीरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा होती. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत काही झालं नाही तर मी तिथे रुजू व्हायचं, असं ठरलं. म्हणजे बाबा तसं काही बोलले नाहीत. मीच म्हणाले, आणि ते गप्प राहिले. आई एकदाच म्हणाली, "शाळेत काय वाईट हाय व? घरून डबा नेता येते." वाईट काहीच नव्हतं. फक्त त्यानंतर मी कधीच काही रचणार नाही, हे मला माहीत होतं.

काकांना हे कुठून कळलं कोण जाणे. एक दिवस ओट्यावर येऊन म्हणाले, "तुया कामाचा नकाशा दाखव." मी टाळण्यासाठी त्यांच्या फोनवर पोर्टफोलिओची लिंक पाठवली. ते उघडणार नाहीत अशी मला खात्री होती. पाचव्या मिनिटाला फाटक वाजलं.

"अवं पोरी, मी त कुंपनापासूनच परत आलो. दार बंद हाय. चाबी मांगून राह्यलं."

मला काही समजेना. मग आठवलं. कॉलेजात असताना पेज बनवलं तेव्हा मीच त्याला पासवर्ड लावला होता; वर्गातल्या कोणी बघू नये, ओळखीच्या कोणी बघू नये म्हणून. माझ्या लॅपटॉपला तो पाठ होता, त्यामुळे मला ते दार कधी बंद दिसलंच नव्हतं.

"पासवर्ड रिझ्युमेत लिहिलाय, काका," मी म्हणाले.

"कोन्या पानावर?"

"तिसऱ्या. खाली."

काकांनी चष्मा काढला. "म्हंजे त्या मानसानं आधी दोन कोस चालाव, चाबी आनाव, मंग परत येऊन तुयं वावर पाहाव. त्याले दुसरं काम नाई का?"

त्या दिवशी मी बराच वेळ गच्चीवर बसून होते. खरं सांगायचं तर दुःखापेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटत होतं. आठ महिने मला वाटत होतं की लोकांनी माझं काम पाहिलं आणि मान फिरवली. त्यांनी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काका माझ्या फायलीला लागले. सकाळी दहाला यायचे, कारण कार्यालय दहाला उघडतं. सोबत लाल पेन आणि पाण्याची स्वतःची बाटली. मी रिझ्युमे मराठीत करून वाचायची आणि ते प्रत्येक ओळीवर सुनावणी घ्यायचे. पहिलीच ओळ होती, 'लेव्हलच्या मांडणीत मदत केली.'

"मदत केली म्हंजे? डबे नेऊन दिले?"

"नाही काका. ती लेव्हल पूर्ण मीच रचली."

"मंग असं काहून नाई लिहिलं?"

"बरं नाही वाटत तसं."

काकांनी पेन खाली ठेवलं. "सातबाऱ्यावर नाव लावाची लाज वाटते म्हनून कोनी वावर सोडून देते का व?" मग त्यांनी जिथे जिथे 'आम्ही' होतं तिथे लाल गोल केले. एकूण एकोणीस गोल झाले. जिथे काम खरंच चौघांचं होतं तिथे चौघांचं ठेवायचं, पण माझा वाटा कुठून कुठपर्यंत तो लिहायचा. त्यांच्या भाषेत, माझी हद्द दाखवायची. तीन पानांचं एक पान करायला लावलं तेव्हा मी कुरकुरले. यावर ते म्हणाले, "मोजनीचा नकाशा एका कागदात बसते. दोन भावांचं तीस वर्साचं भांडन त्यात मावते, तुयी चार वर्साची नोकरी मावत नाई?"

पोर्टफोलिओत अकरा लेव्हल्स होत्या. दगडी किल्ला पाहून त्यांनी विचारलं, "हा कोन्या तालुक्यात?" अंतराळयान पाहून विचारलं, "याले उत्तर कोनती?" मी म्हणाले, अंतराळात उत्तर दिशा नसते. काका उठून घरी गेले. इथे काही झालं का, म्हणून काकू संध्याकाळी चौकशीला आल्या. जेवले नव्हते म्हणे. सकाळी ते हजर झाले तेव्हा चेहरा मोकळा होता. "ज्या दारातून आत शिरता, थे पूर्व धराची. बाकी आपोआप लागते." तरीही यान वगळलं गेलं. अकरातल्या तीन उरल्या, आणि मी सगळ्यात शेवटी दडवलेली सगळ्यात वर आली: बंद पडलेली जिनिंग फॅक्टरी. शाळेत जाताना एसटीच्या खिडकीतून रोज दिसणारी एक जिनिंग होती. तिच्यावरून मी ती कोणी न सांगता, फावल्या वेळात रचली होती. कापसाचे ढीग, गंजलेले प्रेस, पाण्याची टाकी, आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट.

"वाट सापडते का लोकायले?" काकांनी विचारलं.

"सोपी आहे."

"कोन म्हनते?"

मी म्हणत होते. आणि इथेच काकांनी ते केलं जे आठवून मला आजही टेबलाखाली जावंसं वाटतं. जमीन मोजायची तर लगतच्या खातेदारांना आधी नोटीस जाते, ते समक्ष हजर राहतात, आणि मग पंचनाम्यावर त्यांच्या सह्या होतात. त्याशिवाय मोजणीला अर्थ नाही. काकांनी तीन नोटिसा हाताने लिहिल्या आणि स्वतः बजावल्या: समोरच्या किराणा दुकानाच्या शेठजींना, माझ्या आईला आणि स्वतःच्या बायकोला. त्यात वाक्य होतं, 'तरी आपण सदर दिवशी सकाळी दहा वाजता चष्म्यासह हजर राहावे.'

तिघंही आले. शेठजी दुकान नोकरावर सोडून आले, कारण नोटीस ती नोटीस. प्रथम आई लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर खेळातली बाई उभी होती.

"हे बाई हालत काहून नाई व?"

"आई, ते बटण दाबून धर, मग..."

काकांनी हात वर केला. "तू नको बोलू. नोकरी देनाऱ्याच्या घरी तू बाजूले बसनार हायस का?"

मी तोंड मिटलं. मला ते एरवी सहज जमतं, पण त्या तासाभरात जितकं कठीण गेलं तितकं कधी गेलं नाही. काका मागे खुर्ची टाकून लिहीत होते. तो कागद अजून माझ्याजवळ आहे: 'सदर महिला पाण्याच्या टाकीपाशी तीन वेळा आल्या व "आता जाऊ कुठं" असे म्हणाल्या. शेठजी टाकीजवळच्या दिवा असलेल्या दाराशी गेले, दार उघडेना, पुन्हा गेले, पुन्हा उघडेना. "हे दुकान बंदच दिसते" असे म्हणाले. दुसऱ्या महिलेने त्याच दाराशी दोनदा जाऊन "मी घरी जातो, भात लावाचा हाय" असे सांगून खेळ सोडला.' खाली तिघांच्या सह्या.

तिघंही एकाच जागी हरवले होते. सुंदर दिसतो म्हणून मी सगळ्यात मोठा दिवा एका बंद दारावर लावला होता, आणि खरी वाट टाकीमागच्या सावलीत होती. मी ती हजार वेळा चालले होते, म्हणून मला ती सोपी वाटत होती. पुढचे चार दिवस मी दिवा काढला, भिंत फोडली, तिच्यातून लांबचं धुरांडं दिसेल असं केलं. फेरमोजणीची नोटीस निघाली. यावेळी तिघंही बाहेर पडले. काकू सगळ्यात आधी. "झालं? इतकंच?" म्हणून हिरमुसल्या.

मी फक्त दुरुस्त केलेली लेव्हल टाकणार होते. काकांना ते पटलं नाही. "फेरमोजनी झाली म्हनून पहिली मोजनी फाडून टाकत नाई. दोन्ही कागद फायलीत लागतात. नाईत लोकायले कसं कळन, काय सरकलं न् काहून सरकलं?" मी दोन दिवस त्या पेजसमोर बसून राहिले. आपण कुठे चुकलो ते स्वतःच्या नावाखाली जगाला दाखवायचं. शेवटी पहिला नकाशा, पंचनामा, खाली त्याचं इंग्रजी, आणि दुसरा नकाशा, असं सगळं लावलं. वर माझं नाव, मोठ्या अक्षरात. पासवर्ड काढला. आणि पुन्हा अर्ज केले.

शाळा उघडायला नऊ दिवस असताना हैदराबादच्या एका कंपनीतून फोन आला आणि मुलाखतीची वेळ ठरली. त्या वेळात काका आमच्या ओट्यावर उत्तरेकडे तोंड करून बसले होते. हॉर्न वाजवणाऱ्या एका टेम्पोवाल्याला त्यांनी फाटकातच झापलं, ते मला आतून ऐकू आलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी किल्ल्याबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "भात लावायला गेलेल्या बाईंनी तुला काय शिकवलं?" मी बोलायला लागले. किती वेळ बोलले माहीत नाही. मध्येच माझ्या लक्षात आलं की त्या हसतायत आणि मीही हसतेय.

चौथ्या दिवशी मेल आला. बाबांनी तो दोनदा वाचला आणि स्वतःच शाळेत फोन करून "आमची पोरगी नाई येऊ शकत, तिले तिच्या कामातली नोकरी लागली" असं सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आठ महिने या घरात श्वास धरून बसलेली मी एकटी नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

पोर्टफोलिओच्या शेवटी मी काकांचे आभार मानले होते. त्यांनी ते काढायला लावले. "मोजनारा नकाशात नसते, बेटा. त्याची कोपऱ्यात सही असते, बस." पंचनाम्याच्या कोपऱ्यात ती आहे. कोणी मोठं करून पाहिलं तरच दिसेल.

मी निघाले त्या सकाळी काका मला थांब्यापर्यंत सोडायला आले. हलकी बॅग त्यांनी घेतली, जड माझ्याकडे. अर्थातच कोणी काही बोललं नाही. एकदा तीन बोटं दिसली, मग पाच, मग सहा. जीपपाशी पोचलो तेव्हा ते थांबले, ओठ हलवून पुन्हा आकडा जुळवला, आणि म्हणाले, "सहाशे अठ्ठ्याऐंशी."

ते वळून रस्त्याकडे बघत राहिले. थांब्याचं पत्र्याचं शेड जिथे होतं तिथेच होतं. पूर्ण वाटेत मी त्यांच्या अर्धं पाऊल मागून चालत आले होते, आणि त्यांचं पाऊल आता किती जवळ पडतं ते मी पाहिलं होतं.

"थांबा पुढं सरकवला वाटते हायवेवाल्यायनं," काका म्हणाले.

"हो काका," मी म्हणाले, "सरकवला असेल."

"वाशिम, वाशिम!" करत जीप निघाली. मागच्या काचेतून पाहिलं तर काकांनी फाटकाच्या दिशेने तोंड केलं होतं, धोतराचा सोगा सावरला होता, आणि एकपासून पुन्हा मोजायला सुरुवात केली होती. पावलं मुद्दाम लांब लांब टाकत.