श्रीनिवासरावांचा बरोब्बर आवाज

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत कुणाकडे नवा स्पीकर आला, की आधी तो श्रीनिवासरावांकडून पास व्हावा लागे. विमा कंपनीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, पण कान भलताच तिखट. नव्वद सालानंतर परदेशी सिस्टिम घरोघर आल्या आणि पोरांना बेसचं वेड लागलं. श्रीनिवासराव जायचे, दोन मिनिटं ऐकायचे आणि म्हणायचे, "भिंत छान वाजते. गाणं कधी लावताय?"

स्वतःच्या घरी परीक्षा आणखी कडक. त्यांच्या बायकोचा, मंदाकिनीवहिनींचा, गळा गोड. त्यांच्या गाण्याची एक कॅसेट श्रीनिवासरावांनी घरीच भरली होती. नवा स्पीकर आणला की ती लावायची, वहिनींना स्पीकरशेजारी उभं करून तीच ओळ गायला लावायची, आणि दोन्ही आवाज एक होईपर्यंत बेस-ट्रेबलची बटणं फिरवत बसायचं. तिकडे आमटी करपायची.

"अहो, मी आहे की इथे. मलाच ऐका ना," वहिनी म्हणायच्या.

"तुझा भरवसा नाही. तुला सर्दी होते."

वहिनी काविळीने गेल्या. वडील एकटे पडले म्हणून ऋचाने, त्यांच्या मुलीने, अमेरिकेहून नवे स्पीकर पाठवले. मग आमच्या भिंतीतून वहिनी ऐकू यायला लागल्या, पण कशा, तर पत्रा घासल्यासारख्या. मला संतापच आला. त्या गळ्याचं हे काय करून ठेवलंय म्हणून मी तरातरा गेले. बारीक सूर वाढवणारा ट्रेबल पार शेवटपर्यंत चढवलेला.

"श्रीनिवासराव, कान गेलेत का तुमचे?"

"गेलेत," ते शांतपणे म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, वयामुळे बारीक आवाज पोचत नाहीत. जुळवून बघायला आता हीसुद्धा नाही. शैलाताई, तुम्ही तिला रोज ऐकलंय. तुम्हीच लावून द्या. पण बरोब्बर हं, मला खोटं चालायचं नाही."

मी बटण हळूहळू मागे आणलं. एका जागी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्यासारख्या वाटल्या. ओळ उचलण्याआधीचा त्यांचा श्वाससुद्धा आला. मला रडू आवरेना.

"या बघा वहिनी," मी म्हटलं.

श्रीनिवासराव स्पीकरला कान लावून बसले होते.

"गोधडीत तोंड खुपसून कुणीतरी बोलतंय," ते म्हणाले. "ही मंदाकिनी नाही. नीट आठवून बघा ना."

मी ट्रेबल पुन्हा होता तिथे नेऊन ठेवला. पत्रा घासायला लागला आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"अशीच होती ना?"

"अशीच."

"बरोब्बर?"

"बरोब्बर अशीच," मी म्हटलं.

आता रोज संध्याकाळी ती कॅसेट लागते. सोसायटीतले कुरकुरतात, त्या म्हाताऱ्याला कुणीतरी सांगा म्हणतात. मी त्यांना सांगते, आवाज बरोबर लागलाय, मी स्वतः लावून आलेय.