उचगावची गुडघे टेकणारी म्हैस

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात कॉलेजला होते आणि राहायला उचगावात आत्याकडे. आत्या विधवा. घरात आम्ही दोघी, दारात एक म्हैस. संध्याकाळी धार काढायच्या आधी आत्या गोठ्यातच डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणायची, मग म्हशीपुढं पेंडीचं घमेलं ठेवायची.

एका हिवाळ्यात असं व्हायला लागलं, की आत्यानं डोळे मिटले की म्हैस पुढचे दोन्ही गुडघे मोडून खाली टेकायची. मागचा भाग तसाच वर. आमेननंतर घमेलं आलं की उठायची.

शेजारच्या काकूंनी हे पाहिलं आणि गल्ली जमली. मग हातकणंगल्याहून लोक यायला लागले. कुणी म्हशीला हळदकुंकू लावलं, कुणी गोठ्याच्या उंबऱ्यावर नारळ फोडला. दूध मागणाऱ्यांना आत्या सांगायची, "रोजचंच दूध हाय. पाणी घातलेलं न्हाय, एवढंच."

आमच्या चर्चचे पाळकसाहेब नवीन होते. ते म्हणाले, "बाई, प्रभूनं तुम्हाला चिन्ह दिलंय."

"मी मागितलं न्हवतं."

"न मागता दिलं, हे तर आणखी मोठं."

"मग परत घ्यायला सांगा. तिचं दूध आटलंय."

तरीही सुगीच्या उपासनेला म्हैस आणायचं ठरलं. चर्चमधली वडीलधारी माणसं दावं घेऊन दारात आली, तेव्हा आत्याला नाही म्हणवेना. "न्या," ती म्हणाली, "पण साक्ष मी देणार न्हाय."

चर्चच्या आवारात मांडव होता. लोकांनी उपकारस्तुतीसाठी आणलेले भोपळे, शाळू आणि उसाच्या मोळ्या पुढं मांडल्या होत्या. म्हशीला त्यांच्याशेजारीच उभं केलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. मिटलेला डोळा एकही नव्हता. म्हैस ताठ उभी राहिली. पाळकसाहेबांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, राज्यकर्त्यांसाठी केली, प्रवासात असलेल्यांसाठी केली. तोवर म्हशीनं एक मोळी संपवून दुसरीला तोंड घातलं होतं. एका काकांनी हळूच तिची मान दाबून बघितली. तिनं शेण टाकलं. मग आमेन झालं.

परतताना मी विचारलं, "आत्या, तुला एकदाही वाटलं नाही, की खरंच चिन्ह असेल?"

म्हशीच्या मागून चालता चालता ती म्हणाली, "ह्यांच्या आजारपणात लोक म्हणायचे, देवाकडं एखादी खूण तरी माग. मी म्हटलं, खूण नको, माणूस बरं कर. ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला बसले तवा माझ्याकडं काय पुरावा हुता? तरी बसले की. आता हिच्या गुडघ्यांवर कशाला भार टाकू?"

मग ती म्हणाली, "ही लंगडतीया. उद्या डॉक्टरला घेऊन ये."

जनावरांच्या डॉक्टरांनी पुढचे खूर उचलून बघितले. दोन्ही वाढले होते आणि आत पू झाला होता. दिवसभर गोठ्यातल्या दगडी फरशीवर उभं राहून संध्याकाळी तिला खूर टेकवत नसत, म्हणून ती घमेलं येईपर्यंत गुडघे टेकायची, आणि आत्याची प्रार्थना नेमकी त्याच वेळी असायची. मांडवातल्या मऊ मातीत तिला बरं वाटलं होतं. डॉक्टरांनी खूर कापले, औषध लावलं, फरशीवर उसाचं वाळलेलं पाचट पसरायला सांगितलं. हळूहळू म्हैस नीट उभी राहायला लागली. दूधही वाढलं. काकू मात्र डॉक्टरांवर चिडल्या. चांगली चाललेली गोष्ट त्या माणसानं बिघडवली, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या.

गर्दी ओसरल्यावर एका संध्याकाळी पेठ वडगावहून एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांना उशिरा कळलं होतं.

"पावणं, उशीर केलासा," आत्या म्हणाली. "ती बरी झाली."

"मग आता हितं बघायचं काय?"

"काय न्हाय. बसा, चहा टाकते. पण आधी धार काढायची हाय."

ते दगडावर टेकले. आत्यानं डोळे मिटले. म्हैस शेपटीनं माश्या हाकत उभी होती. म्हाताऱ्यांनी थोडा वेळ तिच्या पायांकडं बघितलं, मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आमेन होईपर्यंत गप बसले. चहात साखर जास्त लागते, असं त्यांनी नंतर सांगितलं.