वर्षाची कावीळ

परवा धंतोलीच्या दवाखान्यात कोणीतरी मोसंबी सोलली आणि मला सातवीतली वर्षा आठवली. कावीळ झाल्यामुळे ती महिनाभर शाळेत नव्हती. गणिताच्या बाई तिला शिकवायला धरमपेठेत घरी जात. एकदा वह्या धरायला त्यांनी मला नेलं. वर्षा उशीला टेकून मोसंबीचा रस पीत होती आणि बाई तिला हळूहळू अपूर्णांक समजावत होत्या.

मीही नुकतीच पंधरा दिवस घरी राहिले होते, आईच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरत. परतल्यावर बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "तुझं नेहमीचंच आहे."

घरी येऊन मी रडत विचारलं, "माय वं, मले काहून कावीळ होत नाही?" आईने माग थांबवला.

वर्षा पहिली आली. मी गणितात नापास झाले आणि माझी शाळा सुटली. तो हेवा अजून जात नाही. मी वर्गात नाही, हे कोणाला तरी खटकावं, एवढंच मला हवं होतं.