तिशीच्या आतला संशोधक

आपण विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नाही यात विद्यापीठाचंच नुकसान आहे, अशी मनापासून खात्री असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच खोलीत राहायला होता. साठ-एकसष्ट सालची गोष्ट. उमरखेडच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचो, तो विज्ञान. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि अकरा परीक्षानळ्या. पण त्यांची अशी बडदास्त, की जावयानेही हेवा करावा. मळकी नळी दिसली की याचा जीव कासावीस व्हायचा. राखेने घासायची, तीन पाण्यांनी धुवायची, उजेडात धरून पाहायची. आमचे चहाचे पेलेही याच तपासणीतून जात, त्यामुळे चहा हाती येईस्तोवर तलफ निघून गेलेली असे. पेपरात ‘संशोधन सहायक पाहिजे’ असं दिसलं की याचा अर्ज गेलाच, आणि सोबत उमरखेडच्या विहिरींच्या पाण्यावर स्वतः केलेलं बारा पानी टिपण. मी म्हणायचो, “एवढं कोन वाचंन?” तो शांतपणे म्हणायचा, “ज्याले समजते तो वाचंन. बाकीच्याईसाठी म्या लिहिलंच नाही.”

अखेर एकदा विद्यापीठातून मुलाखतीचं बोलावणं आलं. अट तिशीच्या आतली, आणि याला तीस पूर्ण व्हायला एकच महिना उरला होता. ही संधी गेली की पुढे अर्जच करता येणार नव्हता. माझा एकुलता एक कोट घालून स्वारी एसटीत बसली, ती चौथ्या दिवशी परत आली. पाय धुता धुता त्याने जे सांगितलं ते ऐकून मी कपाळावर हात मारला. मुलाखतीला तासभर अवकाश होता, म्हणून हा तिथल्या प्रयोगशाळेत डोकावला. टेबलावर चाळीस मळकट नळ्या! याने बाह्या सारल्या आणि सगळ्या लख्ख धुऊन ठेवल्या. तो मळ म्हणजे बुरशी होती, आणि मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकांनी ती सहा महिने जिवापाड जोपासली होती.

धुताना याला कोणीच पाहिलं नव्हतं. शेजारच्या खोलीत मुलाखत झकास झाली. प्राध्यापकांनी ते टिपण चक्क वाचलं होतं. “एक तारखेपासून या,” म्हणाले. तेवढ्यात आरडाओरडा झाला. संशय शिपायावर गेला, त्याला काढून टाकायची भाषा सुरू झाली. तेव्हा आमचा हा उठला आणि म्हणाला, “सर, मी धुतल्या.” प्राध्यापकांनी ते टिपण मिटून त्याच्या हातात परत दिलं. मग म्हणाले, “तुम्ही जाऊ शकता.”

“तुले कोनं इचारलं होतं काय बे?” मी ओरडलोच. “कायले बोलला?”

“तो शिपाई बिचारा साहेबाच्या भेवानं नळ्याईले हातही लावत नाही,” तो पाय पुसत म्हणाला. “अन् खरं सांगू? नळ्या कशा चमकत होत्या, तू पाहाले पाहिजे होतं.”

पुढच्या महिन्यात त्याला तीस पूर्ण झाली. त्या दिवशी मी सहज त्याच्या वर्गावरून गेलो. प्राणवायूचा प्रयोग चालला होता. विझत आलेली काडी त्याने बाटलीत धरली, ती भपकन पेटली, आणि शंभरदा केलेल्या त्या प्रयोगाला तो पोरांच्याही आधी हसला. मला एकदम फार वाईट वाटलं. आत जाऊन त्याला काहीतरी चांगलं बोलावं असं वाटत होतं, पण मी तसाच दारात उभा राहिलो.