राष्ट्रगीत संपेपर्यंत

प्रणोतीच्या पत्राला यदुनाथ कानड्यांनी अकरा दिवस उत्तर दिलेलं नाही. ‘काका, फोनवर विचारायला लाज वाटते. सामन्याआधी राष्ट्रगीत सुरू झालं की मला रडू फुटतं आणि पहिल्या चढाईला पायच उचलत नाहीत. पुन्हा असं झालं तर प्रशिक्षक संघाबाहेर बसवणार. बाबा भारताकडून कबड्डी खेळले, त्यांचं कधी असं झालं होतं का?’

झालं होतं. पण तिच्या बाबानं, हिंदुरावनं, कुणाला न सांगण्याची गळ्याची शपथ घातलेली. वाचनालयात जन्म काढलेल्या भित्र्या माणसानं मेलेल्याची शपथ मोडावी कशी?

दुपारी जेवून ते आरामखुर्चीत पडतात. डोळे जडावतात. कुणीतरी म्हणतं, “उठा, राष्ट्रगीत लागलंय.”

ते उठतात. दोन्ही बाजूंना वाचनालयाची कपाटं, पायाखाली मैदानाची तांबडी माती. कपाटांमधून हजारो माणसं ताठ उभी आहेत. एकाचीही पापणी लवत नाही. गीत शेवटाला येतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पळावंसं वाटतं, पण राष्ट्रगीत चालू असताना हलायचं कसं?

शेजारी हिंदुराव. सहा वर्षांपूर्वी यदुनाथांनीच खांदा दिलेला हिंदुराव. गालांवरून पाणी वाहतंय, चेहरा मात्र दगडाचा.

“पोरीला उत्तर दिलंस?” तो ओठ न हलवता विचारतो.

“तू शपथ घातली होतीस.”

“लोक हसतील म्हणून घातली, लेका. आता मला कोण हसतंय?”

“काय लिहू?”

“दर वेळी रडलो म्हणून लिही. पहिली चढाई दुसऱ्याला द्यायचो. लोकांना वाटायचं डाव आहे. तोवर पाय जाग्यावर यायचे. दुसरी चढाई माझी.”

“आणि माझ्यानं नाही लिहवलं तर?”

“तर हे संपायचं नाही. तूबी उभा राहा इथं.” चढाईवाल्याला धरावं तसं तो मनगट धरतो. बर्फासारखा गार हात. यदुनाथ ओरडतात; आवाज फुटत नाही. गीत पुन्हा पहिल्यापासून.

जाग येते तेव्हा ते खुर्चीसमोर सावधान उभे आहेत. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल. उजव्या मनगटावर तांबड्या मातीची चार बोटं.

ते हात धूत नाहीत. त्याच हातानं लिहितात, खाडाखोड न करता, आणि चपला उलटसुलट घालून कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी येतात. मागे वळून बघायची छाती होत नाही. पाकीट आत पडल्याचा आवाज येतो, तेव्हा कुठे ते दम सोडतात.