रानशेतचा पळसरंग

पळसाचा रंग शिकायला रानशेतला जावं, असं मी ठरवलं तेव्हा डहाणूच्या शाळेत हस्तकला शिकवत होते. गोष्ट साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची. वर्षअखेरीस शाळेत प्रदर्शन होतं आणि पुडीतल्या रंगांचा मला कंटाळा आला होता. आमच्या शिपायाने सांगितलं, रानशेतला जनीबाई फुलांनी कापड रंगवतात.

माझे यजमान रेल्वेत नोकरीला. त्यांनी सकाळी स्टेशनबाहेरून कासा एसटीत बसवून दिलं. गाड्या दिवसाला दोनच, म्हणून मुक्कामाच्या तयारीनेच निघाले होते. पिशवीत तांदूळ, तुरटी आणि चार वार मांजरपाट कापड. गंजाडच्या पुढे धुळीने अंबाडा पांढरा झाला. फागुन होता, दोन्ही बाजूंना पळस पेटलेले.

जनीबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. नवरा रघूबाबा शेतमजूर, सारखा हसणारा. पहिल्या दिवशी कापड धुऊन, हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळत घातलं, मग तुरटीच्या पाण्यात टाकलं. "घाई नाय करायची, बाई," जनीबाई म्हणाल्या. "कापडाला आधी भूक लागली पायजे."

जेवायला नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी. बोंबील वरोरचे, बाजारातून आणलेले. इतकं चवीचं मी क्वचितच जेवले असेन.

दुसऱ्या दिवशी खाली पडलेली फुलं उकळली. रंग आला तो फिकट, मातकट.

"मला गडद हवाय. मुलींना दाखवायचाय," मी म्हटलं.

"मग झाडावरची ताजी पायजेत."

जनीबाई चुलीपाशी थांबल्या. मी रघूबाबांबरोबर बांधावर गेले. ते चढले, खालच्या फांद्यांवरची फुलं टाकू लागले. टोपली अर्धी भरली. तेवढ्यात शेंड्याची एक फांदी मला दिसली, लालभडक.

"बाबा, ती वरची मिळेल का?"

"मिळंल की!" ते हसले.

फांदी मोडल्याचा आवाज मोठा नव्हता. पडल्यावर ते शुद्धीत होते, पण कमरेखाली काही हलेना. मी ओरडले. पाड्यावरच्या चौघांनी बाजेवर घालून त्यांना सडकेपर्यंत नेलं. एसटीला तीन तास होते. लाकडं भरलेला एक ट्रक थांबला. ओंडक्यांवर बाज बांधली आणि जनीबाई आणि मी त्यांना घेऊन डहाणूला आलो. प्रत्येक खड्ड्याला ते दात आवळत होते.

दवाखान्याच्या ओसरीवर जनीबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तो इतक्या वर कशाला गेलता? खाली फुलं नव्हती काय?"

मी म्हटलं, "मला नाही ठाऊक."

तिसऱ्या दिवशी रघूबाबा गेले.

महिनाभराने मी पुन्हा रानशेतची एसटी धरली. सगळं सांगायचं, एवढ्याचसाठी. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. जनीबाई अंगणात लाकडं फोडत होत्या. मला पाहून हात पुसत उठल्या.

"तुमचं चुन्याचं ऱ्हायलं होतं ना, बाई?" त्या म्हणाल्या. "या, दाखवते."

वाळवून ठेवलेली फुलं त्यांनी उकळली, गाळली, चिमूटभर चुना टाकला. पिवळं पाणी डोळ्यांदेखत केशरी झालं. "चुना जास्त झाला की कापड जळतं. ध्यानात ठेवा." मी ध्यानात ठेवलं. परतीच्या गाडीची वेळ झाली. सडकेपर्यंत पोचवायला त्या आल्या. मी गाडीत चढले. बोलले नव्हते.

पुढे सव्वीस वर्षं मी मुलींना तो रंग शिकवला. त्यांतल्या काहींचं आज त्यावर पोट आहे. तुम्हाला शिकायचं असेल तर फागुनात जा, आता रस्ता चांगला आहे, पाड्यांवर माणसं अजून मायेने शिकवतात. फुलं मात्र खाली पडलेलीच वेचा. फिकट तर फिकट.

जनीबाई जाऊन बरीच वर्षं झाली. हे त्यांच्यापर्यंत आता पोचणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. बहुधा म्हणूनच मी ते लिहू शकले.